सहा महिने थांबा: ट्रीटेड पाईन आणि स्टेनच्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत घरामागचा डेक (लाकडी फळ्यांचा ओटा) किंवा कुंपण नवीन बांधलं की शेजारी हमखास सांगतात, "सहा महिने हात लावू नका, मग स्टेन करा." स्टेन म्हणजे लाकडाला छटा देणारा, त्यात मुरणारा पातळ लेप. त्याच्या डब्यावर मात्र वेगळंच लिहिलेलं असतं, आणि डेक बांधणारा सुतार तिसरंच सांगतो. हा घोळ आजचा नाही.

बुरशी-वाळवी लागू नये म्हणून लाकडात दाबाने औषध मुरवायची, म्हणजे ते 'ट्रीटेड' करायची पद्धत 1838 सालची, इंग्लंडमधली. बंद नळकांड्यात लाकूड ठेवायचं, आतली हवा ओढून घ्यायची आणि मग दाबाने क्रिओसोट, म्हणजे डांबरातून काढलेलं तेल, आत घुसवायचं. रेल्वेचे स्लीपर त्यामुळे टिकले. पण काळं, चिकट, वास मारणारं ते लाकूड स्टेन करायचा विचारही कोणाच्या मनात येण्यासारखा नव्हता. डेकच्या दृष्टीने खरी सुरुवात झाली 1933 मध्ये, आपल्या डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत. तिथल्या एका भारतीय शास्त्रज्ञाने तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक (आपला सोमल) यांच्या क्षारांचं पाण्यात विरघळणारं मिश्रण तयार केलं. तांबं बुरशीसाठी, सोमल वाळवीसाठी. आणि हे दोन्ही पावसाने धुऊन जाऊ नयेत म्हणून लाकडाला घट्ट बांधून ठेवायला क्रोमियम. 1938 मध्ये त्याचं अमेरिकन पेटंटही झालं. अमेरिकेतल्या लाखो परसांत जे हिरवट लाकूड ठोकलं गेलं, त्याचं मूळ डेहराडूनचं आहे, ही गोष्ट तिकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. इकडेही नसते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला पिवळा पाईन या औषधाला अगदी योग्य निघाला. त्याच्या गाभ्याबाहेरचं फिकं लाकूड रुंद असतं आणि द्रावण स्पंजसारखं पितं. 1970 आणि 80 च्या दशकांत घराघरामागे डेक उभे राहिले ते याच लाकडाचे.

आता जो मुद्दा सहसा राहून जातो तो. क्रोमियम घातलं होतं औषध धरून ठेवायला, पण त्याने आणखी एक काम फुकटात केलं. उन्हाने लाकडाचा वरचा थर कुजकट, करडा होण्याचा वेग त्याने कमी केला. त्यामुळे पारदर्शक छटेचा स्टेन साध्या लाकडापेक्षा या लाकडावर दुप्पट-तिप्पट टिकायचा. लोकांना वाटलं स्टेनच चांगला आहे.

2002 च्या फेब्रुवारीत उत्पादकांनी घरगुती वापरासाठी हे औषध थांबवायचं मान्य केलं आणि 2003 च्या अखेरीला ते अमलात आलं. कारण सोमल. मुलं डेकवर रांगतात, तेच हात तोंडात जातात. जुने डेक उखडा, असं सरकारने सांगितलं नाही. वर्षातून निदान एकदा आत मुरणारा स्टेन लावा, म्हणजे हाताला लागणारा सोमल कमी होतो, असं सांगितलं. तोवर शोभेची असलेली गोष्ट अचानक आरोग्याची झाली. सोमलाच्या जागी तांब्याचं प्रमाण वाढवलेली नवी औषधं आली. त्यांनी साधे खिळे खाल्ले, म्हणून जाड जस्त चढवलेले किंवा स्टेनलेसचे स्क्रू आले. खिळ्यांची चर्चा भरपूर झाली. क्रोमियमबरोबर स्टेनचा पाठीराखा गेला, हे मात्र फार थोड्यांनी बोलून दाखवलं. 'पूर्वीसारखा स्टेन आता टिकत नाही' या तक्रारीत डब्यातल्या मालाचा दोष असेलही. 1999 पासून देशभर लागू झालेल्या हवाप्रदूषणाच्या मर्यादांमुळे तेलाच्या स्टेनची घडणही बदलत गेली. पण खालचं लाकूडही तेच राहिलेलं नाही.

आणि आता 'सहा महिने'. या सल्ल्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत: लाकूड वाळणं आणि लाकूड उन्हापावसात जुनं होणं. पहिली हवी, दुसरी नको. नळकांड्यातून निघालेली फळी पाण्याने जड असते. दोन हातांनी उचलली की कळतं. अशा फळीत स्टेन शिरायला जागाच नसते, म्हणून थांबायचं. एवढ्यापुरतं शेजाऱ्यांचं बरोबर. पण वाळल्यावरही थांबलं तर ऊन लिग्निन (लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं द्रव्य) तोडतं, वर सुटे तंतू उरतात, आणि नंतर लावलेला लेप त्या मेलेल्या तंतूंना चिकटतो, लाकडाला नाही. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सरकारी प्रयोगशाळेने 1980 च्या दशकात उघड्यावर ठेवलेल्या देवदारासारख्या लाकडावर रंग लावून पाहिला. थोड्या आठवड्यांच्या उन्हानेही रंगाची पकड ढिली झालेली दिसली. तो प्रयोग पाईनवरचा नव्हता आणि स्टेनवरचाही नव्हता, हे मान्य. तरी उन्हाचं काम पाईनवर वेगळं चालत नाही. सहा महिने थांबवणारे फळी वाळवतात आणि त्याच वेळी तिचा पृष्ठभाग घालवतात, असं माझं मत.

याच प्रयोगशाळेने 1950 च्या दशकात जवसाच्या तेलात मेण, रंगद्रव्य आणि बुरशीनाशक मिसळून एक कृती दिली होती. आज ज्याला अर्धपारदर्शक स्टेन म्हणतात त्याची ती पूर्वज. त्यातलं बुरशीनाशक 80 च्या दशकात सामान्य गिऱ्हाइकांसाठी बंद झालं, पण आत मुरायचं, वर कातडं धरायचं नाही, हा विचार टिकला. 'सॉलिड स्टेन' नावाने विकला जातो तो खरं तर पातळ रंगच. उभ्या कुंपणावर तो चालून जातो; पायाखालच्या फळीवर पाणी साचलं की सोलतो. त्यापुढचं पाऊल म्हणजे 2010 नंतर आलेले, जुन्या भेगा बुजवणारे जाड लेप. ते पापुद्र्यांनी निघाले आणि प्रकरणं कोर्टात गेली.

हल्ली औषधानंतर भट्टीत वाळवलेली फळीही मिळते. तिच्यातला ओलावा 19 टक्क्यांपर्यंत उतरवलेला असतो, म्हणजे थांबायचं कारणच उरत नाही. ती महाग, म्हणून बहुतेक डेक अजून ओल्या फळ्यांचेच. त्यांच्यासाठी पाण्याच्या थेंबाची परीक्षा सांगतात: थेंब मुरला तर लाकूड तयार, मोत्यासारखा वर बसला तर ओलं. पण काही फळ्यांत कारखान्यातच औषधाबरोबर मेण घातलेलं असतं, आणि त्यांवर थेंब फळी वाळली तरी तसाच बसून राहतो. तिथे ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्रच लागतं.