कोइनोनिया फार्म

कोइनोनिया फार्म : अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, सम्टर काउंटीतील अमेरिकस या गावालगत असलेली ख्रिस्ती सहजीवन वसाहत. स्थापना १९४२. क्लॅरेन्स जॉर्डन (१९१२–१९६९) व त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स, आणि ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून काम करून परतलेले मार्टिन व मेबल इंग्लंड या बॅप्टिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) मताच्या दोन जोडप्यांनी ४४० एकर जमीन घेऊन ती सुरू केली. गोऱ्यांनी व काळ्यांनी बरोबरीने राहायचे, कमाई एका तिजोरीत टाकायची, कोणावर हात उगारायचा नाही आणि जमिनीचा कस राखायचा, एवढाच तिचा जाहीरनामा होता. आजूबाजूच्या लोकांना यातले बाकी सगळे चालले असते. चालली नाही ती पंगत.

‘कोइनोनिया’ हा बायबलच्या नव्या करारातील ग्रीक शब्द. अर्थ सहभागिता, सहवास. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पहिल्या ख्रिस्ती मंडळीचे वर्णन आहे. विश्वास ठेवणारे एकत्र राहत, मालमत्ता विकून ज्याला जशी गरज तसे वाटून देत आणि घरोघरी भाकर मोडत. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत ‘भाकर मोडणे’ म्हटले की प्रभुभोजनाचा विधी डोळ्यांपुढे येतो. जॉर्डन यांनी त्यातली भाकर शब्दशः घेतली: दुपारचे जेवण, एकच टेबल, शेतात राबलेले सगळे.

जॉर्डन मूळचे याच राज्यातील टॅलबटन गावचे. घरामागे जवळच काउंटीचा तुरुंग होता आणि साखळदंडातले कैदी, बहुतेक काळे, त्यांना लहानपणापासून दिसत. चर्चमधल्या धर्मजागृतीच्या सभेत संध्याकाळी तल्लीन होऊन गाणारा तुरुंगाधिकारी त्याच रात्री एका कैद्याचे हाल करत होता आणि त्याच्या किंकाळ्या अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येत होत्या, ही आठवण ते पुढे नेहमी सांगत. १९३३ मध्ये त्यांनी जॉर्जिया विद्यापीठातून शेतीची पदवी घेतली, नंतर लुइव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरीतून (धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयातून) नव्या कराराच्या ग्रीकमध्ये डॉक्टरेट. एका हातात नांगर आणि दुसऱ्या हातात ग्रीक व्याकरण असा हा दुर्मीळ माणूस. आपल्या वसाहतीला ते देवाच्या राज्याचा ‘प्रात्यक्षिक प्लॉट’ म्हणत. कृषी खात्याच्या पाट्या पाहिलेल्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही कल्पना लगेच कळेल: नव्या वाणावर भाषण देण्यापेक्षा ते बांधाला लागून पेरून दाखवावे, शेजारी बघतील.

शेजाऱ्यांनी पाहिले, सुरुवातीला कौतुकानेही पाहिले. कुक्कुटपालन आणि अंड्यांच्या विक्रीची घडी जॉर्डन यांनी त्या भागात बसवली. एक गमतीची सोय म्हणजे गाईंची लायब्ररी. ज्या गरीब कुटुंबाला गाय विकत घेणे परवडत नसे त्याने फार्मवरून दुभती गाय न्यायची, दूध आटले की परत आणून द्यायची आणि दुसरी न्यायची. पुस्तकासारखी.

पण टेबलाची बातमी फुटलीच. मजुरीला असलेला काळा माणूस गोऱ्या कुटुंबाच्या मांडीला मांडी लावून जेवतो, हे कु क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या संघटनेच्या कानावर गेले. क्लॅनची माणसे आली आणि म्हणाली, काळ्यांबरोबर जेवणाऱ्यांवर आम्ही इथे सूर्य मावळू देत नाही. त्यावर जॉर्डन यांनी पुढे होऊन हात मिळवला आणि म्हटले, सूर्याला हुकूम करणाऱ्यांबद्दल सेमिनरीत बरेच ऐकले होते, प्रत्यक्ष भेट होईल असे वाटले नव्हते. हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत, तेव्हा थोडे मीठमसाला धरून चालावे. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे शब्द ज्या भाषेत जोडीने येतात त्या भाषेच्या वाचकाला मात्र क्लॅनची भीती उलगडून सांगावी लागत नाही. एकत्र जेवणारे उद्या काय करतील, हीच ती भीती.

पहिली उघड फारकत देवळातच झाली, आणि तिला निमित्त एक भारतीय ठरला. १९५० च्या उन्हाळ्यात फ्लोरिडा राज्य विद्यापीठात शिकणारा एक हिंदू विद्यार्थी फार्मवर पाहुणा आला होता. प्रॉटेस्टंट उपासना पाहायची त्याची इच्छा होती, म्हणून फार्मची मंडळी त्याला जवळच्या रेहोबोथ बॅप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन गेली. त्याचा सावळा रंग पाहून बाकांवर चुळबुळ सुरू झाली. थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, चर्चने मतदान घेऊन कोइनोनियाच्या सभासदांना मंडळीबाहेर काढले. परक्या वंशाच्या लोकांना उपासनेला आणल्याचा आरोप होता. त्याआधी समजूत घालायला आलेल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांपुढे जॉर्डन यांनी बायबल धरले आणि आपण कुठे चुकलो तेवढे वचन दाखवा म्हटले. पुस्तक या हातातून त्या हातात फिरले, कोणी उघडले नाही. ख्रिस्ती मिशन परदेशात पाठवण्यासाठी वर्गणी काढणाऱ्या चर्चला, ज्यांच्यासाठी ती वर्गणी होती त्यांच्यातलाच एक जण बाकावर येऊन बसलेला सोसला नाही.

खरा कहर १९५६ मध्ये झाला. अटलांटातील, तोवर फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या एका सरकारी महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या दोन काळ्या विद्यार्थ्यांना माजी विद्यार्थ्यांच्या शिफारशी हव्या होत्या. जॉर्डन सही करायला गेले. पण ते त्याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी नसल्याने त्यांची सही चाललीच नाही. तरी बातमी छापून आली आणि सम्टर काउंटीने फार्मला वाळीत टाकले. बियाणे, खत, कोंबड्यांचे खाद्य, पेट्रोल, काहीही विकायला कोणी तयार होईना. बँकेने कर्ज थांबवले, विमा कंपन्यांनी पॉलिसी रद्द केल्या. अंडी घ्यायला गिऱ्हाईक नाही म्हणून हजारो कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या. हमरस्त्यावरचे विक्रीचे दुकान जुलै १९५६ मध्ये बॉम्बने उडवले, पुन्हा उभे केले, तर जानेवारी १९५७ मध्ये ते पार उद्ध्वस्त केले. धावत्या गाडीतून घरांवर गोळ्या झाडल्या जात. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लिहिलेल्या पत्राला उत्तर आले की हा राज्याच्या अखत्यारीतला प्रश्न आहे. आणि काउंटीच्या ग्रँड ज्युरीने (गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) हल्लेखोर शोधायचे सोडून फार्म कम्युनिस्टांचा अड्डा असल्याचा संशय घेतला. गावातल्या एका खाद्यविक्रेत्याने बहिष्कार मोडून माल दिला, तर मे १९५७ मध्ये त्याच्याच दुकानापाशी स्फोट झाला. त्यानंतर गावातली प्रतिष्ठित मंडळी शिष्टमंडळ घेऊन फार्मवर आली आणि त्यांनी सभ्य शब्दांत विनंती केली: तुम्ही जाल तर बरे.

फार्मवर बंदुका ठेवायच्या नाहीत हे ठरलेलेच होते. रात्री दोघे-दोघे फाटकापाशी गाडीत जागत बसत, बॅटरी घेऊन. १९५७ च्या ईस्टरच्या सुमारास कॅथलिक वर्कर चळवळीच्या डोरोथी डे तिथे आल्या आणि पाहुणी म्हणून आराम करण्याऐवजी त्यांनीही एका रात्रीचा पहारा घेतला. त्या बसलेल्या गाडीवर गोळ्या आल्या. त्या वाचल्या.

फार्म वाचला तो पिकानवर. पिकान हे अक्रोडाच्या जातीचे, तिकडे मुबलक पिकणारे फळ. गावात विकता येत नाही तर टपालाने देशभर विकू, असे ठरले. जाहिरातीचे वाक्य जॉर्डन यांच्या विनोदबुद्धीला साजेसे होते: ‘जॉर्जियातले नट्स बाहेर पाठवायला आम्हाला मदत करा’. इंग्रजीत ‘नट्स’ म्हणजे कठीण कवचाची फळे, आणि माथेफिरूही. टपाल खाते केंद्र सरकारचे, त्यामुळे काउंटीचा बहिष्कार पोस्टाच्या दारात संपला.

मुलांचे हाल वेगळेच होते. १९६० मध्ये अमेरिकसच्या हायस्कूलने फार्मवरच्या तीन गोऱ्या मुलांना प्रवेश नाकारला आणि केंद्रीय न्यायालयाच्या आदेशानंतरच दार उघडले. आत गेल्यावर शेजारी कोणी बसत नसे, बोलत नसे. १९६५ मध्ये पदवीदान समारंभात फार्मवरच्या एका मुलाची हुर्यो उडवली गेली. त्याच वर्गातल्या काहींनी २००६ मध्ये त्याला माफीची पत्रे लिहून स्नेहमेळाव्याला बोलावले, आणि तो गेला.

कोइनोनियाची कथा छळ सोसणाऱ्या संतांची म्हणून सांगण्याची रीत आहे, आणि ती अपुरी आहे. दोन गोष्टी त्यात झाकल्या जातात. पहिली, जॉर्डन नागरी हक्क चळवळीत रस्त्यावर उतरले नाहीत. जवळच्या ऑल्बनीतील आंदोलनाच्या कार्यकर्त्यांना फार्मवर आसरा मिळाला, पण बहिष्काराचे हत्यार जॉर्डन यांना पटत नसे. ते आपल्या अंगावर चालताना त्यांनी पाहिले होते. दुसरी अधिक अवघड. काळे शेजारी कामाला येत, जेवायला बसत, पण पूर्ण सभासद फार थोडे झाले. त्यांच्या जिवाला गोऱ्यांपेक्षा जास्त धोका होता हे एक कारण. मला मोठे वाटते ते दुसरे: पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात वाट्याने राबलेल्या, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन कधी लागली नाही अशा माणसाला ‘मालकी सोडून ये’ हे आमंत्रण कसे ऐकू येत असेल? सर्वस्वाचा त्याग करायला आधी सर्वस्व असावे लागते.

१९६० च्या दशकात एकेक कुटुंब निघून गेले आणि शेवटी दोनच उरली. जॉर्डन बागेतल्या लिहिण्याच्या खोपटात बसून नव्या कराराचे ‘कॉटन पॅच’ (कापसाचे रान) रूपांतर करू लागले. त्यात यरुशलेमचे अटलांटा झाले, येशू जॉर्जियाच्या बोलीत बोलू लागला आणि क्रुसावर खिळण्याच्या जागी जमावाने फासावर लटकवणे आले. क्रूस गळ्यातला दागिना झालेल्या वाचकांना तो पुन्हा टोचावा, हा हेतू.

१९६८ मध्ये मिलर्ड फुलर हे पैसा सोडून आलेले तरुण वकील त्यांना येऊन मिळाले आणि वसाहतीची घडी बदलली. आता ‘मानवतेसाठी निधी’ उभारायचा, त्यातून फार्मच्याच जमिनीवर अर्ध्या एकराचे प्लॉट पाडून गरीब कुटुंबांसाठी घरे बांधायची, नफा नाही, व्याज नाही, वीस वर्षांत हप्त्याने फेड. आलेल्या हप्त्यांतून पुढची घरे. सामायिक तिजोरीकडून निघालेली वसाहत अशी ज्याच्या-त्याच्या नावावरच्या घरापाशी आली. वरच्या प्रश्नाला दिलेले हे उत्तरच म्हणता येईल, कोणी ते तसे मांडले नसले तरी.

पहिल्या घराचे काम चालू असताना, २९ ऑक्टोबर १९६९ रोजी, जॉर्डन त्याच खोपटात हृदयविकाराने गेले. मृत्यूची नोंद करायला सरकारी अधिकारी फार्मवर यायला तयार झाला नाही, तेव्हा फुलर यांनी मृतदेह गाडीत बसवून गावात नेला. शवपेट्या पाठवण्यासाठी वापरतात तसल्या साध्या खोक्यात घालून फार्मवरच्या पिकनिक हिल या टेकाडावर त्यांना पुरले. थडग्यावर दगड नाही. माती लोटत असताना फुलर यांच्या दोन वर्षांच्या मुलीने, तिला येत होते ते एकच समारंभाचे गाणे म्हटले: वाढदिवसाचे.

फुलर यांनी हीच पद्धत पुढे आफ्रिकेत, झाईरमध्ये, वापरून पाहिली आणि परत आल्यावर १९७६ मध्ये अमेरिकस इथे ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही गरिबांसाठी घरे बांधणारी संस्था काढली. शेजारच्या प्लेन्स गावचे जिमी कार्टर यांनी राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर तिच्यासाठी हातोडा हाती घेतला. २००६ मध्ये कार्टर दांपत्य आणि देशोदेशीचे स्वयंसेवक लोणावळ्याजवळ मळवलीला आले आणि आठवडाभरात १०० घरे उभी राहिली. पुणे लोकलने जाता-येता मळवली स्टेशन ओलांडणाऱ्यांना या घरांचे मूळ जॉर्जियातल्या एका वाळीत टाकलेल्या शेतात आहे हे सहसा ठाऊक नसते.

खुद्द फार्मने १९९० च्या दशकात सामायिक तिजोरी मोडून नेहमीच्या संस्थेसारखा कारभार करून पाहिला आणि २००५ मध्ये पुन्हा सहजीवनाची वाट धरली. फुलर २००९ मध्ये वारले. त्यांनाही पिकनिक हिलवरच पुरले. पिकान अजूनही टपालाने जातात.