घरकुलाचा पैसा थेट परदेशातून येतो का?

“जगातल्या देशांनी करार केलाय, प्रत्येक गरिबाला परदेशातून घराचे पैसे मिळणार, लिंकवर फॉर्म भरा” असा मेसेज लई वर्षं फिरायलाय. पत्र्याखाली उन्हाळा काढणाऱ्याला तो खरा वाटणारच, आणि करार खरंच आहे. संयुक्त राष्ट्रांचा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा करार, 1966 चा, भारत त्यात 1979 ला सामील झाला, कलम 11 मध्ये पुरेशा घराचा हक्क लिहिलाय. पण त्याच कलमात देशांमधलं सहकार्य ‘स्वखुशीनं’ असं आहे आणि पावलं उचलायची ती ज्याच्या त्याच्या सरकारनं. कोणाच्या खात्यात पैसे टाकायचं त्यात कुठंच नाही.

आपल्याकडचंच बघा, 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर परदेशी कर्ज आलं ते सरकारच्या पुनर्वसन कार्यक्रमाला, आणि घर कोणाला हे इथल्याच यादीवर ठरलं. आजच्या ग्रामीण घरकुलात केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40, आणि पहिल्यानंतरचे हप्ते बांधकामाचा फोटो चढल्यावर खात्यात.

खात्री करायची तर त्या कराराचं कलम 11 नेटवर फुकट वाचता येतं. घरकुलाच्या यादीत नाव आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा, आणि लिंकवर आधार नंबर, ओटीपी अजिबात टाकू नका.