डेस्कटॉप मॉनिटर : मांडणी आणि निगा

संगणकातला मजकूर आणि चित्रे डोळ्यांसमोर आणणारे स्वतंत्र उपकरण म्हणजे मॉनिटर. बोलण्यात त्याला स्क्रीन किंवा डिस्प्ले म्हणतात, आणि घरातली वडीलधारी मंडळी सरळ ‘टीव्ही’ म्हणतात. या नोंदीत त्याच्या बनावटीपेक्षा तो कुठे ठेवावा, कसा जोडावा आणि कसा टिकवावा याचा विचार आहे. उदाहरणे नाशिक शहरातली घेतली आहेत, कारण ऊन, धूळ, दमट हवा आणि वीज यांचे वागणे गावागणिक बदलते. शिवाय मॉनिटरच्या म्हणून केल्या जाणाऱ्या निम्म्या तक्रारी खोलीच्या, टेबलाच्या, केबलच्या किंवा पुसायच्या फडक्याच्या निघतात.

जुन्या सवयी

कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये कॅथोड किरण नळी तयार केली. तिच्यावर चालणारा पाठीला मोठे कुबड असलेला मॉनिटर नाशिकच्या टायपिंग क्लासांत, डीटीपी सेंटरांत आणि पुढे एमएस-सीआयटीच्या वर्गांत अनेक वर्षे नांदला. चालू होताना तो ‘टुंग’ असा आवाज करी, पडद्याजवळ हात नेला की अंगावरचे केस उभे राहत, आणि संध्याकाळी त्याला झालरीचे कव्हर घातले जाई. त्याचे तोंड जाड काचेचे होते. ओल्या फडक्याने खसाखसा पुसले तरी त्याचे काही बिघडत नसे.

त्याच्या जागी सपाट एलसीडी आला, पण हात तेच राहिले. बहुतेक एलसीडीच्या तोंडावर काच नसते. प्लॅस्टिकचा एक पातळ थर असतो आणि त्यावर चकाकी कमी करणारे नाजूक लेपण असते. निगेच्या बहुतेक चुका इथून सुरू होतात. एका घरी दुरुस्तीला आलेला पोरगा आजींना म्हणाला, “मावशी, ही काच नाही, प्लॅस्टिक आहे.” आजी म्हणाल्या, “मग बंद केल्यावर तोंड कसं दिसतं रे त्यात?” प्रश्न रास्त होता, आणि त्याचा संबंध थेट पुढच्या मुद्द्याशी आहे.

जागा आणि उजेड

मॉनिटर बंद करून खुर्चीवर बसावे. काळ्या पडद्यात खिडकी, ट्यूबलाइट किंवा देवघरातला दिवा दिसला, तर मॉनिटर चालू असतानाही तो तिथेच असतो. फक्त डोळ्यांना तो कळत नाही, दुपारी डोके दुखते तेव्हा कळते. खिडकी पाठीशी असेल तर पडद्यावर प्रतिबिंब पडते. ती मॉनिटरच्या मागे असेल तर डोळ्यांना उजेडाशी झुंजावे लागते. पडदा खिडकीशी काटकोनात असावा, म्हणजे उजेड बाजूने येतो.

जुन्या नाशकात आणि पंचवटीत वाड्यांच्या आतल्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागतो. तिथे प्रतिबिंबाची अडचण नाही, पण अंधाऱ्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसवर चालणारा मॉनिटर तोंडावर बॅटरी मारल्यासारखा वाटतो. मॉनिटरमागच्या भिंतीवर पडणारा एक साधा मंद दिवा तिथे पुरतो. गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाट्याकडच्या नव्या फ्लॅटांत प्रकार उलटा. मोठ्या सरकत्या खिडक्या पश्चिमेला असतील तर चारनंतर ऊन थेट टेबलावर येते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळीशीला टेकतो, आणि बऱ्याच मॉनिटरांच्या माहितीपत्रकात वापरासाठी ०° ते ४०° सेल्सियस हीच मर्यादा दिलेली असते. उन्हात तापलेला पडदा ती सहज ओलांडतो. अशा खोलीत नवा मॉनिटर शोधण्याआधी जाड पडदा शिवून घ्यावा. तो स्वस्तही पडतो.

अंतराचे माप सोपे आहे. पाठ टेकून हात पुढे केला की बोटे पडद्याला लागली-न लागली अशी असावीत, म्हणजे साधारण ५० ते ७५ सेंटीमीटर. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी. स्वस्त मॉनिटरांचे स्टँड बुटके असतात आणि वर-खाली होत नाहीत. त्यांच्याखाली फळी किंवा ए-फोर कागदाच्या न फोडलेल्या रिमा ठेवतात. ५०० पानांची एक रीम साधारण ५ सेंटीमीटर उंची देते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांना मात्र उंच ठेवलेला मॉनिटर त्रासाचा. चष्म्याच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी ते हनुवटी वर करून बसतात आणि मान धरते. त्यांनी पडदा खाली घेऊन किंचित मागे कलवावा. मागच्या बाजूला ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चौकोनात चार भोके असतील तर भिंतीवरचा किंवा टेबलाला पकडणारा आर्म बसतो. वाड्याच्या मातीच्या भिंतीत मात्र तो बसवू नये. स्क्रू धरत नाही.

आकार, बारकावा आणि देवनागरी

इंग्रजीसाठी पुरेसा असलेला मॉनिटर मराठीसाठी पुरेसा असतोच असे नाही. दुकानात हे कोणी सांगत नाही, कारण दुकानातल्या डेमोवर धबधबे आणि मोटारी असतात, मजकूर नसतो.

पडदा ठिपक्यांचा बनलेला असतो. १९२०×१०८० म्हणजे फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. पडदा २४ इंची असो की २७ इंची, ठिपके तेवढेच राहतात. म्हणून २४ इंचीवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके येतात, तर २७ इंचीवर जेमतेम ८२. इंग्रजी अक्षर रेषेवर सुटे उभे राहते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते, वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार घेते, खाली उकार. एवढा संसार त्याच उंचीत बसवायचा म्हणजे अनुस्वाराच्या वाट्याला एक-दोन ठिपके येतात. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका फटीचा. ती फट बुजली की ‘धडा’चा ‘घडा’ होतो. मुद्रितशोधन करणारे लोक मोठ्या फुल एचडी मॉनिटरवर कुरकुरतात ते यामुळे.

मराठीचे काम रोजचे असेल तर फुल एचडीत २२ ते २४ इंचांवर थांबावे. २७ इंची हवाच असेल तर २५६०×१४४० घ्यावा, त्यात इंचाला सुमारे १०९ ठिपके मिळतात. ३८४०×२१६० परवडत असेल तर त्याच आकारात १६३ मिळतात आणि अक्षर छापल्यासारखे दिसते. मात्र सेटिंगमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरे आणि मेनू मोठे करून दाखवण्याची सोय, १५० टक्के करावे लागते, नाहीतर मेनू मुंगीएवढे होतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची मराठी पुस्तके पीडीएफवर वाचणाऱ्या विद्यार्थ्याला गेमिंगच्या १४४ हर्ट्झपेक्षा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलण्यापेक्षा, हा बारकावा जास्त उपयोगी पडतो.

रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या-उभ्या ठिपक्यांची संख्या, कायम पडद्याचे मूळचे ठेवावे. ‘अक्षर लहान दिसतं’ म्हणून ते १२८०×७२० वर आणणे ही घरोघरी दिसणारी चूक आहे. तसे केल्याने अक्षर मोठे होते पण पसरते, अंगणातली रांगोळी पावसात भिजावी तसे. अक्षर मोठे हवे असेल तर स्केलिंग वाढवावे. विंडोजमध्ये अक्षरांच्या कडा सुबक करणाऱ्या क्लीअरटाइप या सोयीची जुळणी एकदा करून घेतली की शिरोरेषा नीट उमटते.

जोडणी

व्हीजीए ही निळ्या टोकाची १५ पिनांची जोडणी १९८७ ची. ती अजून भेटते आणि तिचे स्क्रू कोणी आवळत नाही. पडदा अचानक पिवळट किंवा गुलाबी झाला तर बहुधा एक पिन सैल असते किंवा वाकलेली असते. एचडीएमआय किंवा २००६ मध्ये आलेले डिस्प्लेपोर्ट या नव्या डिजिटल जोडण्यांपैकी एखादी उपलब्ध असेल तर तीच वापरावी. सीपीयूत वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाला लावायची. वर मदरबोर्डाच्या भोकात लावली की ‘नो सिग्नल’ येतो आणि मॉनिटर रिक्षात बसून दुकानात जातो. दुकानात तो अर्थातच चालू होतो. तेवढाच फेरा मॉनिटरच्या बटणांतून इनपुट चुकीचे निवडल्यानेही पडतो.

जास्त हर्ट्झचा मॉनिटर घेऊनही विंडोज तो कित्येकदा ६० वर चालवते. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदलावा लागतो.

रंग आणि ब्राइटनेस

कारखान्यातून मॉनिटर दुकानात उठून दिसेल अशा बेताने येतो, म्हणजे घरासाठी भडक. एक कोरा कागद पडद्याशेजारी धरावा आणि पडद्यावरचे पांढरे पान त्या कागदाइतकेच उजळ होईपर्यंत ब्राइटनेस कमी करावा. बहुतेकांसाठी एवढे पुरते.

लग्नपत्रिका करणाऱ्यांसाठी पुरत नाही. पडद्यावर झगझगीत दिसलेले कुंकू पत्रिकेवर विटकरी उतरते आणि वधूपक्ष डीटीपीवाल्याला धरतो. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग करतो. छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. प्रकाशातले काही रंग शाईत नसतातच. त्यात ब्राइटनेस पूर्ण ठेवलेला असला की छापलेले सगळेच गडद वाटते. अशा ठिकाणी आयपीएस प्रकारचा (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) पॅनेल, १९९६ मध्ये ठरलेले एसआरजीबी हे रंगमान आणि ६५०० केल्विनचे रंगतापमान निवडावे, रात्री पडदा पिवळा करणारी सोय बंद ठेवावी आणि अंतिम मान्यता कागदावरच्या नमुन्यावर घ्यावी.

वीज

२४ इंची एलईडी मॉनिटर, म्हणजे मागे एलईडीचा दिवा असलेला एलसीडीच, साधारण १५ ते ३० वॉट खातो, म्हणजे घरातल्या पंख्याहून कमी. तो छोट्या यूपीएसवरही आरामात चालतो. धोका खपतीचा नाही, झटक्याचा. वळवाचा पाऊस, ढगांचा गडगडाट आणि दोनदा जाऊन आलेली लाइट, हे मे महिन्याच्या संध्याकाळचे नेहमीचे चित्र. अशा वेळी बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून काढावी. ब्रॉडबँडची तांब्याची केबल संगणकाला थेट लागत असेल तर तीही काढावी. विजेचा झटका तिच्यातूनही येतो आणि एचडीएमआयवाटे मॉनिटरपर्यंत पोचतो. आर्थिंग नसलेल्या बोर्डावर स्पाइक गार्ड लावल्याने फारसे संरक्षण मिळत नाही.

साफसफाई

प्रस्तुत लेखकाने आपला पहिला एलसीडी दिवाळीच्या आवराआवरीत खिडक्यांच्या काचा पुसायच्या निळ्या द्रवाने पुसला, तोही थेट पडद्यावर फवारून. दुसऱ्या दिवशी उजव्या कोपऱ्यात दुधावरच्या सायीसारखा पट्टा दिसू लागला आणि तो मॉनिटर भंगारात जाईपर्यंत गेला नाही. अशा द्रवांत अमोनिया किंवा तत्सम रसायन असू शकते, ते लेपण खाते. शिवाय फवारलेले पाणी ओघळून खालच्या पट्टीत शिरते, आणि पडद्याला जोडलेल्या नाजूक पट्ट्या आणि चिपा बऱ्याच मॉनिटरांत तिथेच असतात.

रीत अशी : मॉनिटर बंद करून थंड होऊ द्यावा, काळ्या पडद्यावर धूळही स्पष्ट दिसते. मायक्रोफायबरच्या कोरड्या कपड्याने, न दाबता, वरून खाली पुसावे. डाग उरला तर कपड्याचा कोपरा डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळते तेच. बाटली मात्र नवी, सीलबंद घ्यावी. बोअरचे पाणी वापरल्यास वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. वर्तमानपत्राचा बोळा, टिश्यू आणि शर्टाची बाही वर्ज्य. मागच्या जाळीतली धूळ कोरड्या रंगाच्या ब्रशने काढावी. हमरस्त्यालगतच्या घरांत हे महिन्याला करावे लागते.

दसऱ्याला संगणकाची पूजा होते आणि हळद-कुंकवाची बोटे हौसेने पडद्याच्या मधोमध उमटतात. हळदीचा डाग या लेपणावरून सहजी निघत नाही. ती बोटे स्टँडच्या पायावर लावली तरी पूजा पोचते. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे नाशकातल्या रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या दगडी हौदात, उडी मारून आलेल्या माणसाला दोन दिवस मॉनिटरजवळ फिरकू देऊ नये, कारण त्या रंगाचा हात धुतल्यावरही रंगीतच असतो.

पावसाळ्यात दिव्यावर येणारी बारीक चिलटे कडेच्या फटीतून पडद्याच्या थरांत शिरतात आणि अनुस्वारासारखी मजकुरावर फिरू लागतात. बोटाने दाबण्याचा मोह होतो. दाबलेले चिलट आतच चिकटते आणि कायमचे राहते. पडदा बंद करून शेजारी टेबल लॅम्प लावावा. ते बहुधा आपण होऊन बाहेर येते. पालीला मात्र मॉनिटरमागची ऊब आवडते. तिचा बंदोबस्त या नोंदीच्या आवाक्याबाहेरचा आहे.

बिघाड आणि निरोप

मॉनिटर चालू होऊन दोन सेकंदांत काळा होतो, पण टॉर्च मारल्यावर चित्र अंधुक दिसते : मागचा दिवा किंवा त्याची वीज गेली आहे, दुरुस्ती होते. अजिबात चालू होत नाही किंवा लुकलुकतो : पॉवर बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर किंवा अडॅप्टर, हेही स्वस्तात होते. उभी रंगीत रेघ किंवा तडा : पॅनेल गेले, आणि पॅनेलची किंमत नव्या मॉनिटरच्या जवळ जाते. एखादा ठिपका मेलेला निघाला तर वॉरंटीत बदलून मिळेलच असे नाही. किती मेलेले ठिपके चालतील हे अनेक कंपन्यांच्या अटींत असते. म्हणून दुकानातच पडदा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून पाहावा.

जुन्या कुबडवाल्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते आणि सुरुवातीच्या एलसीडींच्या मागच्या नळ्यांत पारा. त्यामुळे ते फोडून तांबे काढणाऱ्याला देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांतून व्हायला हवी. देण्याआधी तीन पिनांची पॉवर केबल काढून ठेवावी. तीच सीपीयूला आणि बऱ्याच प्रिंटरांनाही लागते, आणि ती नेमकी रविवारी संध्याकाळी, दुकाने बंद झाल्यावर हवी असते.