विमानप्रवासातील अंतर व उड्डाणवेळ

दोन शहरांमधले हवाई अंतर आणि ते कापायला विमानाला लागणारा वेळ. अंतर कायम तेच राहते. वेळ मात्र दिशेप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि त्या दिवशीच्या वाऱ्याप्रमाणे बदलतो.

हवाई अंतर मोजतात ते बृहद्वृत्तावरून. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोल छेदला की मिळणारे वर्तुळ म्हणजे बृहद्वृत्त. दोन ठिकाणांमधला त्याचा लहान कंस हाच सर्वांत जवळचा रस्ता. न्यूयॉर्क आणि माद्रिद ही दोन्ही शहरे ४०° उत्तर अक्षवृत्ताच्या जराशी वर आहेत. नकाशा पाहून नाकासमोर पूर्वेला निघावेसे वाटते, पण तसे गेल्यास सुमारे ५,९५० किमी पडतात. उत्तरेकडे झुकून ४६° अक्षांशापर्यंत चढले आणि मग उतरले, तर ५,७७० किमीच. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला की यातला चमत्कार संपतो. घोळ सपाट नकाशाचा आहे. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किमी असल्याने कोणतीही दोन शहरे साधारण २०,००० किमीहून अधिक दूर असूच शकत नाहीत. वैमानिक अंतर सागरी मैलात (१.८५२ किमी) आणि वेग नॉटमध्ये (ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट) सांगतात.

मोठी प्रवासी जेट विमाने १० ते १२ किमी उंचीवरून ताशी ९०० किमीच्या आसपास वेगाने जातात. हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला. ती हवा स्वतःच वाहत असते, आणि खरी मेख तिथेच आहे. मध्य अक्षांशांवर याच उंचीला जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात अधिक जोराने. न्यूयॉर्क ते लंडन (सुमारे ५,५५० किमी) जाताना हा वारा पाठीशी असतो, परतताना तोंडावर. म्हणून परतीला तासभर तरी जास्त लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या काळात एका बोइंग ७४७ विमानाने हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किमीवर गेला होता, तरी भोवतालच्या हवेत ते ध्वनीपेक्षा मंदच होते. ‘पृथ्वी खालून फिरते म्हणून पश्चिमेला लवकर पोहोचता यायला हवे’ असा तर्क नेहमी ऐकू येतो. वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते, हे त्यात विसरले जाते.

तिकिटावरची वेळ निव्वळ उड्डाणाची नसते. चाकांचे ठोकळे काढून विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा हा ‘ब्लॉक टाइम’. धावपट्टीसाठीची रांगही त्यातच आली.

जवळचा रस्ता नेहमी मोकळा मिळतो असेही नाही. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाल्यावर फिनलंडच्या विमानांना हेलसिंकीहून टोकियोला वळसा घालून जावे लागले. साडेनऊ तासांच्या जागी सुमारे तेरा तास लागू लागले. शहरे जागची हलली नव्हती.

सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा स्थानिक घड्याळाने छापतात, त्यामुळे नुसत्या वजाबाकीने भलताच आकडा येतो. टोकियोहून हिवाळ्यात संध्याकाळी पाचला निघून दहा तास उडालेले विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी दहाला उतरते, कारण तिथले घड्याळ १७ तास मागे असते.