जिभेखालचे थेंब जातात कुठे?

सीबीडी तेलाच्या ड्रॉपरवाल्या बाटलीसोबत एक सूचना हमखास येते. थेंब जिभेखाली सोडा, मिनिटभर धरून ठेवा, मग गिळा. औषध यकृताला चुकवून थेट रक्तात उतरेल. मिनिटभर धरून ठेवण्यात काही तोटा नाही. ‘थेट रक्तात’ हे मात्र तपासून घ्यायला हवं.

सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल, भांग-गांजाच्या झाडातलं एक रसायन. नशा आणणारं टीएचसी ते वेगळं. गंमत अशी की दोघांचं रेणुसूत्र एकच आहे: कार्बनचे २१ अणू, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २. जोडणी तेवढी निराळी. सीबीडी १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर अ‍ॅडम्स यांनी वेगळं काढलं; त्याची नेमकी रचना १९६३ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशुलम यांनी उलगडली.

आता जिभेखालचा भाग. हिरड्या आणि टाळूचा पुढचा भाग चावण्याची झीज सोसतात, म्हणून तिथलं आवरण टणक असतं. जिभेखालचं आवरण मऊ आणि जेमतेम १०० ते २०० मायक्रॉन जाडीचं. गालाच्या आतलं त्याच्या काही पट जाड. त्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. तिथलं रक्त मानेतल्या शिरेतून सरळ हृदयाकडे जातं. आतड्यातून शोषलेलं औषध मात्र आधी यकृतात पोचतं, आणि यकृत त्यातला बराचसा भाग पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. सीबीडी उपाशीपोटी गिळलं, तर रक्तात पोचतं ते अवघं सहा टक्क्यांच्या आसपास. जिभेखालची वाट आकर्षक वाटते ती यामुळे.

आणि ही वाट खरीच आहे. १८७० च्या दशकात लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरीनच्या बाटलीचं ओलं बूच जिभेला लावून पाहिलं आणि काही क्षणांत त्यांच्या डोक्यात ठोके पडू लागले. १८७९ मध्ये त्यांनी हेच रसायन छातीच्या कळेवर उपयोगी असल्याचं लिहिलं. आज ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढणाऱ्या एखाद्या आजोबांच्या खिशात सॉर्बिट्रेटची गोळी असते, ती याच घराण्यातली. जिभेखाली ठेवली की काही मिनिटांत आराम पडतो.

दुसरा दाखला निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही द्राक्षबागेत दिसेल. छाटणीला आलेला मजूर तळहातावर तंबाखू घेतो, बोटाने चुना लावतो, मळतो आणि विडा गालात दाबतो. हा चुना चवीपुरता नसतो. लाळेच्या नेहमीच्या आम्लतेला बहुतेक निकोटीन विद्युतभारित असतं आणि भारित रेणूला पेशींच्या मेदयुक्त पडद्यातून सहज जाता येत नाही; मोकळं असतं ते जेमतेम सहा-सात टक्के. चुन्याने सामू (पीएच) नऊपर्यंत गेला की हेच प्रमाण नव्वद टक्क्यांवर जातं आणि निकोटीन गालातूनच रक्तात उतरतं. पुढे त्याच गालाचं काय होतं, हे कर्करोगाच्या वॉर्डात दिसतं. पण रसायनशास्त्र म्हणून ही युक्ती बिनतोड आहे.

मग सीबीडीचं घोडं कुठे अडतं? त्याच्यावर विद्युतभार नाही, रेणूही अवाढव्य नाही. अडचण त्याच्या मेदप्रेमाची आहे. श्लेष्मल आवरण पार करणाऱ्याला दोन्हीकडची माणसं सांभाळावी लागतात: लाळेच्या पाण्यात थोडं विरघळायचं, मग पेशींच्या मेदात शिरायचं, आणि पलीकडे पुन्हा पाणीदार ऊतीतून रक्त गाठायचं. नायट्रोग्लिसरीन किंवा निकोटीन पाण्यापेक्षा मेदात काही दहा पट जास्त रमतं, म्हणजे दोन्हीकडे निभावून नेतं. सीबीडीच्या बाबतीत हाच आकडा दहा लाखांच्या घरात जातो.

त्यात आपण ते तेलात मिसळून देतो. तेलातच सुखाने बसलेला रेणू लाळेत यायला राजी नसतो. जो थोडा आवरणात शिरतो तो पांढऱ्या सदऱ्यावर पडलेल्या हळदीसारखा तिथेच धरून बसतो, पलीकडे सुटत नाही. शिवाय तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. मिनिटभरात तेल तिच्यासोबत घशाकडे सरकू लागतं आणि शेवटी आपण ते गिळतोच.

हा केवळ तर्क नाही. सॅटिव्हेक्स नावाचा, तोंडात फवारायचा एक स्प्रे आहे. एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांसाठी कॅनडात २००५ मध्ये, ब्रिटनमध्ये २०१० मध्ये त्याला मान्यता मिळाली. औषध तेलात नव्हे, अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या मिश्रणात असतं आणि मुद्दाम तोंडातल्या आवरणावर फवारायचं असतं. पंधरा मिनिटांत ते रक्तात दिसू लागतं, म्हणजे तोंडातून काहीच शोषलं जात नाही असं म्हणता येणार नाही. पण सर्वोच्च पातळी गाठायला पाऊण ते दोन तास लागतात. आणि खरी मेख पुढे आहे: जेवल्यावर फवारलं, तर सीबीडीची सर्वोच्च पातळी तिपटीहून जास्त आणि शोषलेली एकूण मात्रा सुमारे पाचपट होते. औषध तोंडातूनच आत जात असतं, तर पोटात भाकरी आहे की नाही याने एवढा फरक का पडावा? मला तरी हा पुरावा सगळ्यांत बोलका वाटतो. मोठा वाटा आतड्यातूनच जातो.

थंडाई घोटणाऱ्यांनी हे प्रयोगशाळेविना हेरलं होतं. महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरी किंवा रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडींच्या, म्हणजे रंगाच्या हौदांच्या, आसपास भांगेचा विषय निघतो तेव्हा दूध, बदाम, मगज हे सोबतीला असतातच. भांगेत जोर टीएचसीचा असतो, पण मेदप्रेमाच्या बाबतीत ते सीबीडीचं सख्खं भावंड. दुधा-बदामातल्या स्निग्धांशाने त्याला वाहन मिळतं. परिणाम मात्र तास-दोन तासांनी दिसतो. ‘काही होत नाहीये’ म्हणून दुसरा पेला घेणारे फसतात ते इथेच.

मेदयुक्त जेवणासोबत आतड्यात पित्त येतं आणि सीबीडीचे रेणू बारीक मेदकणांत गुंफले जातात. त्यातले काही रक्ताऐवजी लसीकावाहिन्यांत शिरतात. या वाहिन्या छातीतून वर जाऊन मानेजवळच्या मोठ्या शिरेत रिकाम्या होतात आणि वाटेत यकृत लागतच नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही वाट स्पष्ट दिसली आहे. जिभेखाली शोधलेला आडमार्ग असा थोडाफार आतड्यातच सापडतो, तोही तुपाच्या जोरावर.

डॉक्टरांच्या दृष्टीने यात कामाचा मुद्दा मात्रेचा आहे. एपिडायोलेक्स हे सीबीडीचं तिळाच्या तेलातलं औषध लहान मुलांच्या दुर्धर अपस्मारासाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. ते सरळ गिळायचंच आहे. भरपूर मेदाच्या जेवणासोबत त्याची रक्तातली सर्वोच्च पातळी सुमारे पाचपट होते. म्हणून आज उपाशी आणि उद्या पुरणपोळीवर तूप ओतून, असं घेतलं तर मोजलेल्या थेंबांना अर्थ राहत नाही. रोज एकाच पद्धतीने घ्यायचं. शिवाय सीबीडी यकृतातल्या काही विकरांना अडवतं; अपस्मारासाठी आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या क्लोबाझामचा सक्रिय अंश त्यामुळे रक्तात साचतो आणि गुंगी वाढते. व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचंच दुसरं औषध सोबत असेल तर यकृताच्या तपासण्या बिघडण्याचा धोका वाढतो. या गोळ्या चालू असतील तर सीबीडीची बाटली उघडण्याआधी गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी.