हिरडीतून रक्त, झडपेवर जंतू

दात घासताना थुंकी लालसर दिसली की ‘ब्रश लागला असेल’ म्हणून आपण नळ सोडतो. पण निरोगी हिरडी नरम ब्रशने रक्ताळत नाही. दातांवरचा चिकट थर साचून हिरडी सुजली की दात-हिरडीमधली 1 ते 3 मिलिमीटरची फट 4-5 मिलिमीटर खोल होते आणि आतलं अस्तर ठिकठिकाणी सोलवटतं. मग नुसतं चावतानाही तोंडातले जंतू रक्तात शिरतात.

धडधाकट हृदयाला त्यांचा सहसा त्रास होत नाही. हृदयात बसवलेल्या कृत्रिम झडपेवर मात्र ते चिकटतात, वर गुठळीचं कवच चढतं आणि त्याआड पांढऱ्या पेशी पोचत नाहीत. हा एन्डोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा जंतुसंसर्ग. बारीक ताप रेंगाळतो, रात्री घाम येतो, माणूस गळून जातो. मुंबईच्या पावसाळ्यात असा ताप मलेरिया-डेंग्यूच्या खाती जातो. त्यातच कुणी अँटिबायोटिक सुरू केलं की रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू सापडेनासा होतो. झडप बदललेल्यांनी आधी कल्चर करावं, मग औषध. हा क्रम चुकवू नये.

दात काढणं किंवा हिरड्यांची साफसफाई असेल तर झडप बदललेल्यांना, आधी हा आजार झालेल्यांना आणि काही जन्मजात हृदयदोषांत उपचाराच्या 30 ते 60 मिनिटं आधी अमॉक्सिसिलिनचा 2 ग्रॅमचा एकच डोस देतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास औषध बदलतं. घरून घेऊन निघालात आणि लोकल रखडली तर वेळ हुकते, म्हणून दवाखान्यात पोचल्यावरच घ्या. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका, झडपेवरच गुठळी व्हायची. रक्त किती पातळ आहे हे सांगणारा ताजा आयएनआर रिपोर्ट सोबत न्या.

हार्ट अटॅकचं काय? हिरड्यांचा आजार असलेल्यांत तो जास्त आढळतो. तंबाखू आणि मधुमेह दोन्ही आजारांचा धोका वाढवतात, तरी ते वगळूनही संबंध उरतो. मात्र दात साफ केल्याने अटॅक टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. बीपीची गोळी चालूच ठेवा.

ब्रश हिरडीच्या कडेला 45 अंशांत टेकवून हलकेच, दोनदा, 2-2 मिनिटं. रक्त येतं ती जागा टाळू नका, तिथेच थर साचलेला असतो. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर हिरडीखाली दगड, म्हणजे कडक झालेला थर, बसलेला असू शकतो. तो ब्रशने निघत नाही. मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय किंवा फोर्टचं सरकारी दंत महाविद्यालय गाठा. मशेरी लावणाऱ्या घरांत अधिक जपायला हवं. तंबाखूमुळे आजार वाढत असूनही रक्त कमी दिसू शकतं.