कॉलेजची नवी इमारत आणि साडेचारचं ऊन

कॉलेजच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन व्हायच्या आधीच जागेवर फ्लेक्स लागतो. निळी काच, करड्या एसीपी शीट (भिंतीवर चढवतात ते ॲल्युमिनियमचे पत्रे), पुढे हिरवळ. त्या चित्रात उत्तर दिशेचा बाण मात्र कधी नसतो. सांगलीत वर्गात दुपारी बसवेल की नाही, हे एलिव्हेशनपेक्षा, म्हणजे दर्शनी रूपापेक्षा, त्या बाणावर जास्त ठरतं.

सांगलीचा अक्षांश साधारण १६.८५ अंश उत्तर. २१ मार्चला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून ७३ अंश वर, दक्षिणेकडे जरासा कललेला असतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा असेल तर त्याची सावली भिंतीवर साडेसहा फूट खाली उतरते. पाच फुटी खिडकी अख्खी झाकली जाते. डिसेंबरात दुपारचा सूर्य ५० अंशांवर येतो, तेव्हा छज्जाखालून थोडं ऊन आत शिरतं. थंडीत ते चालतं. ७ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारी तो उत्तरेला असतो. त्यातला बराच काळ ढगांचा, म्हणून ड्रॉइंग हॉल आणि ग्रंथालयाला उत्तरेच्या मोठ्या खिडक्या बिनधास्त द्याव्यात.

आता तोच छज्जा पश्चिमेला लावून बघा. एप्रिलच्या मध्यावर घड्याळात साडेचार वाजतात तेव्हा सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेला, अवघा ३२ अंश वर असतो. दोन फुटी छज्जाची सावली पडते जेमतेम सव्वा फूट. खालची पावणेचार फूट खिडकी उन्हात, आणि आत प्रॅक्टिकल चालू. पूर्ण खिडकी झाकायची तर छज्जा आठ फूट बाहेर काढावा लागेल, आणि साडेपाचच्या उन्हाला तोही पुरणार नाही. पश्चिमेला आडवा छज्जा कामाचा नाही. तिथे जाळीची भिंत, तिरप्या बसवलेल्या उभ्या पट्ट्या किंवा सरळ झाडं हवीत. आतून पडदे लावून फार फरक पडत नाही. ऊन काचेतून आत आलेलंच असतं. त्यानं तापलेले पडदे, बाकं आणि फरशी जी उष्णता बाहेर टाकतात, ती लांब तरंगलहरींची असते आणि तिला काच बाहेर सोडत नाही. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेरच.

यात रस्त्याचाही हात असतो. सांगली-मिरज रस्ता साधारण पूर्व-पश्चिम जातो, त्यामुळे त्याच्याकडे तोंड करून बांधलेली इमारत आपसूक उत्तर किंवा दक्षिण बघते. माधवनगरवरून तासगावला जाणारा रस्ता उत्तरेकडे जातो. तिथे रस्त्याकडे दर्शनी काच लावली की ती पूर्वेला नाहीतर पश्चिमेला येणार. अशा प्लॉटवर इमारतीची अरुंद बाजू रस्त्याकडे करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. संस्थाचालकांना ते पटवणं अवघड, कारण फ्लेक्सवर मग लांबलचक काच दिसत नाही.

लांब बाजूंची तोंडं उत्तर-दक्षिणेला ठेवली की पूर्व-पश्चिमेच्या टोकांना जिने, लिफ्ट, टॉयलेट, स्टोअर टाकता येतात. तिथे तापलेली भिंत कुणाला सोसावी लागत नाही. सगळं पश्चिमेलाच का नको? इथे भूकंप आडवा येतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का या भागाला माहीत आहे. जिन्या-लिफ्टच्या काँक्रीट भिंती इमारतीला ताठपणा देतात. त्या एकाच टोकाला असल्या तर ते टोक जागचं हलत नाही, दुसरं झोके घेतं आणि इमारत पिळवटते. म्हणून दोन्ही टोकांना एकेक.

कृष्णेचा पूर याच्या उलट ओढतो. सांगलीत नदीवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. साहजिकच पूरपट्ट्यात इमारत नुसत्या कॉलमवर उचलून खाली पार्किंग ठेवायचा मोह होतो. पण वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती आणि तळमजला मोकळा, अशी इमारत हादऱ्यात खालीच मोडते. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अशा कितीतरी इमारती कोसळल्या. यातून वाट निघते ती टोकांच्या त्याच काँक्रीट भिंतींनी. त्या पायापासून गच्चीपर्यंत सलग न्यायच्या, म्हणजे मधलं पार्किंग मोकळं ठेवता येतं. जनरेटर आणि सर्व्हरची खोली मात्र पार्किंगच्या कोपऱ्यात नको, पहिल्या मजल्यावर.